भरीत पार्टीतले न्यायाधीश : तक्रार कुठे करायची, आणि उत्तर येतं का?

गिरणाकाठ (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण महिनाभर मनात घोळतंय ते एकदा लिहून मोकळा होतो.

आमच्या बांधाचा दावा तालुक्याच्या कोर्टात २०१७ पासून चालू आहे. कोर्ट कोणतं, साहेब कोण, ते लिहीत नाही आणि कृपया कोणी विचारूही नका. वडील ७४ वर्षांचे. प्रत्येक तारखेला धुतलेलं धोतर नेसून, कागदांची पिशवी काखेत धरून साडेदहालाच कोर्टाच्या पायरीवर हजर. आम्हाला तात्पुरता मनाई हुकूम मिळालेला होता. समोरच्यांनी तो उठवायचा अर्ज दिला होता आणि त्यावर युक्तिवाद बाकी होता.

डिसेंबरात संध्याकाळी मी एका ओळखीच्यांच्या शेतात दुरुस्त केलेली मोटर पोचवायला गेलो होतो. शेजारच्या मळ्यात भरीत पार्टी चाललेली. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होती, कळण्याच्या भाकरीचा वास बांधापर्यंत येत होता. लिंबाखाली खाट टाकलेली. खाटेवर आमच्या दाव्याचे न्यायाधीश आणि त्यांच्या बाजूला समोरच्यांचे वकील. मळा समोरच्या पक्षकाराच्या साडूचा. साहेबांची आणि माझी नजरानजर झाली. त्यांनी मान खाली घातली आणि कांद्याची पात मोडू लागले.

पुढच्या तिसऱ्या तारखेला आमचा मनाई हुकूम उठला.

साहेबांनी भाकरीच्या बदल्यात हुकूम फिरवला असं मी म्हणत नाही. हुकूम दोनदा वाचला. त्यात कारणं दिली आहेत, अपील आम्ही करतोच आहोत. पण मी पाहिलेलं वडिलांना सांगून बसलो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "मग इतकी वर्षं मी कागद कोणाला दाखवत होतो?" तेव्हापासून ते तारखेला येत नाहीत. पिशवी खुंटीला लटकली आहे.

मला जाणकारांकडून समजून घ्यायचंय. असं वागणं नियमात बसतं का? न्यायाधीशांवर लक्ष ठेवणारं कोणी असतं का? आणि तक्रार केली तर तिचं पुढे काय झालं ते आपल्याला कळतं का? हे शेवटचं मुद्दाम विचारतो, कारण माझ्या चुलतभावाने सहा वर्षांपूर्वी अशीच एक तक्रार पाठवली होती. तिची पोचपावती आजही ट्रंकेत आहे. त्यापुढे एक ओळ आली नाही.

पांझराकाठचा वकील (रविवार, रात्री ११.१५)

गिरणाकाठ भाऊ, तुमच्या वडिलांचं वाक्य वाचून मीही थोडा वेळ गप्प बसलो. धुळ्यात बावीस वर्षं वकिली करतोय, म्हणून जेवढं ठाम माहीत आहे तेवढं सांगतो.

खालच्या कोर्टांवर कोणाचाच ताबा नाही असा लोकांचा समज आहे, तो चुकीचा आहे. राज्यघटनेच्या कलम २३५ ने जिल्हा आणि तालुका न्यायालयांवरचं पूर्ण नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिलंय. बदली, बढती, रजा, खातेनिहाय चौकशी सगळं तिथूनच. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाखाली येतात. प्रत्येक जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयातले एक पालक न्यायमूर्ती नेमलेले असतात. जिल्ह्यातल्या न्यायाधीशांचा गोपनीय अहवाल लिहिला जातो, दरवर्षी मालमत्तेचं विवरण द्यावं लागतं, आणि वयाच्या ५० व्या, ५५ व्या, ५८ व्या वर्षी या माणसाला सेवेत ठेवायचं की नाही याचा आढावा होतो. १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम त्यांनाही लागू आहेत.

आता भरीत पार्टी. ७ मे १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सगळ्या न्यायमूर्तींनी मिळून न्यायिक जीवनमूल्यांची सोळा कलमं मंजूर केली. ती मुळात वरच्या न्यायालयांसाठी, पण कसं वागावं याचा तोच दाखला खालीही दिला जातो. त्यात म्हटलंय की, वकिलांशी आणि विशेषतः आपल्याच कोर्टात वकिली करणाऱ्यांशी जवळीक टाळावी. घरचे, जवळचे नातेवाईक आणि मित्र सोडून कोणाकडून भेट किंवा पाहुणचार घेऊ नये. आणि पहिलंच कलम न्याय नुसता होऊन भागत नाही, तो होताना दिसलाही पाहिजे, याबद्दल आहे. तुम्ही पाहिलंत तो लाचेचा पुरावा नाही. तो वर्तणुकीचा प्रश्न आहे. या दोन गोष्टी तक्रारीत एकत्र करू नका, नाहीतर एक सिद्ध होत नाही म्हणून दुसरीही बाजूला पडते.

हुकूम चुकला, हेही तक्रारीत लिहू नका. त्यासाठी अपील आहे. नुसता निकाल चुकला म्हणून न्यायाधीशावर शिस्तभंगाची कारवाई करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बिहारच्या एका न्यायाधीशांच्या प्रकरणात स्पष्ट केलंय.

बोरी नदी (सोमवार, सकाळी ७.०५)

तक्रार कराले हिंमत लागस भो. त्याच कोर्टात पुढली तारीख ऱ्हास ना.

निवृत्त शिरस्तेदार (सोमवार, सकाळी १०.३०)

बोरी नदी यांनी एका ओळीत सगळं सांगितलं.

मी एकतीस वर्षं कोर्टात नोकरी केली. पाच तालुके पाहिले. बहुतेक साहेबांना मी जवळून पाहिलंय, म्हणजे ते जेवण काय करतात इथपर्यंत. एका तालुक्याला एक साहेब होते. केळीचा पट्टा तो. एक दिवस कोर्ट सुटल्यावर क्वार्टरवर गेलो, तर ओट्यावर केळीचे दोन घड ठेवलेले. कोणी आणून ठेवले ते पट्टेवाल्यालाही माहीत नाही. साहेबांनी घडांना हात लावला नाही. मला म्हणाले, "शिरस्तेदार, शोधून काढा कोणाचे आहेत." दीड तास लागला. केळी होती एका दरखास्तीतल्या, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या प्रकरणातल्या, पक्षकाराची. साहेबांनी ती त्याच रात्री परत पाठवली आणि दुसऱ्या दिवशी भर कोर्टात, दोन्ही वकिलांच्या देखत, झालेला प्रकार सांगितला. म्हणाले, कोणाला माझ्याबद्दल शंका असेल तर प्रकरण दुसऱ्या कोर्टात नेण्यासाठी जिल्हा न्यायाधीशांकडे बदली अर्ज द्या, मी स्वतः ना हरकत लिहून देतो. कोणीही अर्ज दिला नाही.

त्या साहेबांची मुलं वाढदिवसाला कोणाकडे जात नसत. लग्नाच्या पत्रिका ढिगाने यायच्या, ते एकाही लग्नाला जायचे नाहीत. तालुक्यात तीन वर्षं असं राहणं सोपं नसतं. संध्याकाळी बोलायला माणूस नाही. हे मी न्यायाधीशांची बाजू घेण्यासाठी लिहीत नाही. असं राहणारे होते आणि आहेत, म्हणून खाटेवर बसणाऱ्याला माफी नसावी, असं माझं मत आहे. आपल्याकडे रामशास्त्री बाणा म्हणतात तो निकालात दिसायच्या आधी राहणीत दिसतो.

चाळीसगावकर (सोमवार, दुपारी १.२०)

सगळं वाचलं. वकीलसाहेब, तुम्ही नियंत्रण आहे म्हणता, पण ते कोणाचं? न्यायाधीशांचंच न्यायाधीशांवर. आणि वर जावं तसं तेही पातळ होत जातं.

उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढायचं तर लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० खासदारांच्या सह्या, १९६८ च्या कायद्याखाली तिघांची समिती, मग दोन्ही सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश आणि एकूण सदस्यांचं बहुमत. १९९३ मध्ये न्या. रामस्वामी यांच्यावरचा प्रस्ताव आला, समितीने दोष दाखवलेले, तरी सत्ताधारी पक्षाचे खासदार मतदानापासून दूर राहिले आणि प्रस्ताव पडला. २०११ मध्ये न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्ध राज्यसभेने प्रस्ताव मंजूर केला, लोकसभेत येण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. २०२५ पर्यंत या वाटेने एकही न्यायाधीश पदावरून दूर झालेला नव्हता. इतक्या वर्षांत एकही नाही!

मार्च २०२५ मध्ये दिल्लीत एका न्यायमूर्तींच्या बंगल्यावर आग लागली आणि जळालेल्या नोटांचं प्रकरण निघालं. त्यांनी आरोप नाकारले आहेत, त्यामुळे त्यावर मी निकाल देत नाही. पण तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक अहवाल आणि फोटो वेबसाइटवर टाकले आणि बऱ्याच लोकांनी पहिल्यांदा पाहिलं की आत अशी काही चौकशीची पद्धत असते. ती पद्धत १९९९ पासून आहे! पंचवीस वर्षं सामान्य माणसाला तिचा फारसा पत्ता नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत लोकपालांनी म्हटलं की उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आमच्या कक्षेत येतात, आणि फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. बाहेरच्या कोणाला दारात उभं करायचं नाही, एवढाच अर्थ मी त्यातून काढतो.

पांझराकाठचा वकील (सोमवार, दुपारी ३.५०)

चाळीसगावकर, तुमचा राग मला समजतो आणि तुम्ही दिलेली माहिती बरोबर आहे. फक्त "बाहेरचा" म्हणजे कोण, ते ठरवताना थांबा. देशातला सर्वात मोठा पक्षकार सरकार आहे. न्यायाधीशाची चौकशी सरकारच्या हाती दिली तर भूसंपादनाच्या मोबदल्याचा दावा कोण निर्भयपणे चालवेल?

आपल्या खान्देशातलंच घ्या. जळगावच्या घरकुल योजनेतल्या घोटाळ्याच्या प्रकरणाचा निकाल ३१ ऑगस्ट २०१९ ला आमच्या धुळ्याच्या विशेष न्यायालयात लागला. ४८ जणांना शिक्षा झाली, त्यात बडे राजकीय पुढारी होते. अपिलं वर गेली, तो वेगळा विषय. पण असा निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीशाच्या चौकशीची दोरी एखाद्या मंत्र्याच्या हातात असती, तर? निकाल लिहिण्याच्या आदल्या रात्री त्या माणसाच्या मनात काय चाललं असतं, याचा विचार करा.

बाहेर देशोदेशी यावर वेगवेगळे मार्ग काढलेत. इंग्लंडमध्ये २०१३ पासून न्यायाधीशांच्या वर्तणुकीच्या तक्रारींसाठी स्वतंत्र कार्यालय आहे. शिक्षा झाली तर ती काय आणि कशाबद्दल, ते प्रसिद्ध केलं जातं, अगदी नुसती समज दिली असली तरी. कॅलिफोर्नियात १९६० पासून आयोग आहे. आपल्याकडे २०१० मध्ये न्यायिक मानके आणि उत्तरदायित्व विधेयक आणलं होतं, २०१२ मध्ये लोकसभेने मंजूरही केलं, पण २०१४ मध्ये लोकसभेबरोबर ते बारगळलं.

आणि आपल्याकडे कारवाई होतच नाही असंही नाही. साताऱ्याच्या एका सत्र न्यायाधीशांवर जामिनासाठी पाच लाखांची लाच मागितल्याचा गुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने नोंदवला. पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने त्यांना सेवेतून बडतर्फ केलं. खालच्या न्यायाधीशाच्या बाबतीत यंत्रणेने मनावर घेतलं तर ती झपाट्याने हलते. वरच्या बाबतीत अडते, इथे मी तुमच्याशी सहमत आहे.

सातपुड्याची लेक (सोमवार, रात्री ८.१०)

मी अक्राणी-मोलगी भागात काम करते. तुमची चर्चा वाचताना सारखं मनात येत होतं की या सगळ्यात आमचा माणूस कुठेच नाही.

पावरी किंवा भिली बोलणारा माणूस कोर्टात उभा राहतो तेव्हा त्याला समोर बसलेल्यांचं नाव माहीत नसतं. मराठीत चाललेलं अर्धं कळतं. साहेब त्याच्यावर ओरडले, बापाच्या वयाच्या माणसाला सगळ्यांसमोर अरे-तुरे केलं, तर ती तक्रार करण्याजोगी गोष्ट आहे हेच त्याला ठाऊक नसतं. त्याला वाटतं, कोर्ट म्हणजे असंच असतं. तुम्ही लाच आणि पार्टीबद्दल बोलताय. अपमान हाही वर्तणुकीचाच भाग आहे ना?

विधी सेवा प्राधिकरण आहे, १९८७ च्या कायद्याने आदिवासींना मोफत वकील मिळतो, आणि त्याचा उपयोग आम्ही करतो, चांगला होतो. पण त्या प्राधिकरणाचे जिल्ह्यातले अध्यक्ष प्रधान जिल्हा न्यायाधीश आणि तालुका समितीचे अध्यक्ष तालुक्यातले सर्वात ज्येष्ठ न्यायाधीश. मग न्यायाधीशाविरुद्ध अर्ज लिहायला आमच्या माणसाने मदत मागायची कोणाकडे? संभाजीनगरला जायचं तर धडगावहून आधी शहादा, मग धुळे, मग कन्नडचा घाट चढून पुढे. मजुरी बुडते दोन दिवसांची.

जी देखरेख फक्त शपथपत्रासह तक्रार येण्याची वाट पाहते, तिच्यापर्यंत आमच्याकडचं काही कधीच पोचणार नाही. पालक न्यायमूर्ती जिल्ह्यात येतात तेव्हा वकील संघाच्या सभागृहात सत्कार होतो, भाषणं होतात. त्यांनी एक तास कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलेल्या बायकांशी बोलावं, एवढीच माझी मागणी आहे. दुभाषा मी देते.

अंजनीची माहेरवाशीण (सोमवार, रात्री १०.४५)

लिहू की नको असं खूप वेळ झालं. माझी आई दिवाणी न्यायाधीश होती. आता निवृत्त आहे.

मी कॉलेजात असताना आईविरुद्ध एक तक्रार गेली होती. एका बांधकाम व्यावसायिकाच्या विरोधात तिने हुकूम दिला होता, त्यानंतर महिनाभरात. तक्रारीत काय होतं ते आम्हाला नीट कधीच कळलं नाही. आईचं म्हणणं मागवलं, तिने ते दिलं. मग अकरा महिने काहीच नाही. त्या काळात ती रात्री उठून देवघरात बसायची, पूजा नाही, नुसती बसायची. कोर्टातली माणसं कुजबुजायची. जवळच्या तालुक्याच्या वकील संघात तर तिने पैसे घेतले हे पक्कंच झालं होतं. अखेरीस बदलीच्या हुकमाबरोबर कोणीतरी तोंडी सांगितलं की ते प्रकरण बंद झालं. बंद झालं हे गावाला कोणी सांगितलं? कोणीच नाही. निवृत्तीच्या दिवसापर्यंत तो डाग तिच्या नावापुढे राहिला.

म्हणून गिरणाकाठ दादा, तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. उत्तर न येण्याचा त्रास तुमच्या चुलतभावाला झाला, तसाच माझ्या आईला झाला. चौकशी बंद दाराआड व्हावी हे मला मान्य आहे, नाहीतर कोणीही उठून न्यायाधीशाची अब्रू काढील. पण संपल्यावर दोन ओळी तरी बाहेर याव्यात. तक्रार खोटी निघाली, किंवा खरी निघाली आणि अमुक शिक्षा दिली. आई आजही पेपरात न्यायाधीशांबद्दल काही आलं की पान उलटते.

पांझराकाठचा वकील (सोमवार, रात्री ११.३०)

ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ईश्वरचंद जैन या न्यायाधीशांच्या प्रकरणात हेच बजावलं होतं. खालच्या न्यायाधीशांवर नियंत्रण ठेवणाऱ्या उच्च न्यायालयाने प्रामाणिक न्यायाधीशांना खोडसाळ तक्रारींपासून सांभाळणंही आपलं कर्तव्य मानावं. याच कारणासाठी २०१४ मध्ये सरन्यायाधीशांनी उच्च न्यायालयांना कळवलं की शपथपत्र आणि पडताळता येईल असा आधार नसेल तर तक्रार विचारात घेऊ नये. निनावी पत्रांचा पाऊस त्यामुळे कमी झाला. पण सातपुड्याची लेक म्हणतात तेही खरं, त्याच नियमाने गरिबाचं दारही बंद होतं. शपथपत्राची अट ठेवावी, मात्र ते लिहून घेणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि न्यायाधीशांच्या हाताखालचा नसलेला, मिळाला पाहिजे, असं मला वाटतं.

तक्रारदाराला निष्कर्ष कळवण्याबद्दल मी आजवर कधी इतका विचार केला नव्हता, हे कबूल करतो. आम्ही वकील तक्रार "गेली" की विषय संपला असं धरतो.

बोरी नदी, तुमच्या भीतीवर एक गोष्ट सांगायची राहिली. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याचं कलम ६ असं आहे की, खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाबद्दल सद्‌भावनेने उच्च न्यायालयाकडे केलेलं निवेदन हा अवमान होत नाही. खटला उभा राहील या भीतीने लोक गप्प बसतात. सद्‌भावनेने, योग्य ठिकाणी लिहिलंत तर ती भीती बाळगू नका. तेच चावडीवर किंवा फेसबुकवर नावानिशी लिहिलंत, तर मात्र हे संरक्षण नाही.

चाळीसगावकर (मंगळवार, सकाळी ८.१५)

ताईंची पोस्ट वाचून माझा सूर थोडा बदलला. सरकारच्या हाती नको, हे पटलं. पण निष्कर्ष प्रसिद्ध करायला काय हरकत आहे? एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी आपली मालमत्ता वेबसाइटवर टाकायचं ठरवलं आणि मे महिन्यात ती टाकलीही. ते कोणत्याही कायद्याविना झालं, त्यांनी स्वतः ठरवलं म्हणून झालं. तक्रारींचे निष्कर्षही तसेच टाकता येतील. नाव झाकायचं तर झाका.

गिरणाकाठ (मंगळवार, रात्री ९.२०)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा सगळा धागा वडिलांना वाचून दाखवला. केळीच्या घडांपाशी त्यांनी मला थांबवलं आणि ते परत वाचायला लावलं. मग म्हणाले, त्या साहेबांच्या कोर्टात हरलो असतो तरी चाललं असतं.

अंजनीची माहेरवाशीण ताई, तुमच्या आईंचं वाचून मी तक्रारीचा मसुदा बदलला. आधीच्या मसुद्यात "पैसे घेतले असावेत" असं एक वाक्य होतं. ते मी पाहिलेलं नाही, म्हणून खोडलं. आता फक्त तारीख, वेळ, मळा कोणाचा, खाटेवर कोण कोण होतं आणि त्या दिवशी दाव्यात काय बाकी होतं, एवढंच आहे. शेवटी एकच विनंती लिहिली आहे, की निष्कर्ष काहीही निघो, तो मला आणि त्या साहेबांनाही लेखी कळवावा.

निवृत्त शिरस्तेदार (मंगळवार, रात्री ९.५०)

चांगलं केलंत. दोन गोष्टी. शपथपत्राला रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीची, प्रमाणित प्रत जोडा, मोबाइलवरचा फोटो किंवा नुसती झेरॉक्स नको. नक्कल अर्जात तारखा नीट लिहा, पार्टीच्या आधीची एक आणि नंतरच्या तिन्ही. आणि दावा दुसऱ्या कोर्टात चालावा असं वाटत असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली जिल्हा न्यायाधीशांकडे बदली अर्ज वेगळा द्या. उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रार जनरलना पाठवायची तक्रार वेगळी, हा अर्ज वेगळा. एकाच पाकिटात घालू नका.

गिरणाकाठ (मंगळवार, रात्री १०.०५)

उद्या नक्कल अर्ज देतो. वडील बरोबर येतो म्हणालेत. पिशवी खुंटीवरून काढली आहे.